तारांकित प्रश्न

व्हॉट्सअ‍ॅपने २०१६ मध्ये मजकूर ठळक करायची सोय दिली आणि मराठी कुटुंबांच्या ग्रुपवरून साधं अक्षर हद्दपार झालं. शब्दाच्या अलीकडे एक तारा, पलीकडे एक तारा, की मधला शब्द ठसठशीत. अंडरस्कोर लावले की तिरपा. टिल्ड लावले की खोडलेला. ही तिसरी सोय आपल्याकडे कुणी वापरल्याचं ऐकिवात नाही, कारण एकदा केलेलं विधान खोडायची आपली पद्धत नाही. ताऱ्याचा मात्र असा प्रसार झाला, की लग्नाच्या आमंत्रणापासून उद्या पाणी येणार नाही या सूचनेपर्यंत सगळं ठळक. सगळंच ठळक झाल्यामुळे त्यातलं महत्त्वाचं काय, हे विचारायला लोक आता फोन करतात.

अक्षरांमध्ये अशा खुणा पेरायच्या आणि त्यांचा अर्थ यंत्राने लावायचा, या प्रकाराला मार्कअप म्हणतात. अर्थ लावणारा प्रोग्राम म्हणजे पार्सर. तारा दिसला, ठळक सुरू. पुन्हा तारा दिसला, ठळक बंद. यात काय आहे? पंधरा मिनिटांचं काम! बहुतेक प्रोग्रामर आयुष्यात एकदा तरी हे वाक्य म्हणतात, आणि पुढची काही वर्षं ते नेमकं काय करत होते हे त्यांच्या घरच्यांना कळत नाही.

माझ्या ओळखीचे एक संपादक दिवाळी अंक काढतात. त्या अंकाची मुद्रितं मी तपासतो, त्यामुळे पुढचं सगळं मला फुकटात बघायला मिळालं. हल्ली लेखक मजकूर फोनवरून पाठवतात आणि ठळक-तिरप्याच्या खुणाही स्वतःच घालतात, प्रत्येक जण आपापल्या घराण्याच्या. त्या निवडून मांडणी करणं जिवावर येतं. संपादकांचा भाचा हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. गणपतीची आरती झाल्यावर, हातात खिरापत असताना तो म्हणाला, "मामा, मी पार्सर लिहून देतो. पायथनमध्ये. शनिवार-रविवारचं काम आहे."

कुठला शनिवार, हे मामांनी विचारलं नाही.

भाच्याने आधी मार्कडाउन घेतलं. जॉन ग्रुबर या अमेरिकन लेखकाने २००४ मध्ये, अ‍ॅरन स्वार्ट्‌झच्या मदतीने, ही पद्धत काढली. खुणांसकट मजकूर तसाच वाचला तरी डोळ्यांना खुपू नये, एवढाच हेतू. सोबत पर्ल भाषेतली एक छोटी स्क्रिप्ट आणि नियमांचं वर्णन. वर्णन ठिकठिकाणी मोघम होतं, त्यामुळे प्रत्येकाला आपल्या सोयीचा अर्थ काढता आला आणि पद्धत जगभर पसरली. मोघमपणाची ही ताकद आपल्याला नवी नाही.

फक्त तिथे एका ताऱ्याने शब्द तिरपा होतो. ठळक हवा तर दोन तारे. व्हॉट्सअ‍ॅपवर एकातच ठळक. विकिपीडियाने ताऱ्याला यादीच्या कामाला लावलं आणि बाकी कारभार अपॉस्ट्रॉफीकडे दिला: दोन लावल्या तर तिरपं, तीन लावल्या तर ठळक, पाच लावल्या तर दोन्ही. चार लावल्या तर पहिली सुटी समजायची आणि उरलेल्या तीन ठळकाच्या. ऑर्ग-मोड नावाच्या पद्धतीत एका ताऱ्याने ठळक, तिरप्यासाठी तिरकी रेघ, आणि ओळीच्या सुरुवातीला तारा आणि मग मोकळी जागा आली तर ते शीर्षक. ही पद्धत २००३ मध्ये कार्स्टन डॉमिनिक यांनी सुरू केली. ते व्यवसायाने खगोलशास्त्रज्ञ. ताऱ्यांबद्दल अधिकाराने बोलायचा हक्क खरं तर या एकाच माणसाला होता. पण जगाने त्यांचंही ऐकलं नाही.

मार्कडाउनच्या नियमांना शिस्त लावण्यासाठी २०१४ मध्ये काही मंडळी एकत्र आली. आधी त्यांनी 'स्टँडर्ड मार्कडाउन' असं नाव घेतलं. ग्रुबरना ते रुचलं नाही, तेव्हा काही दिवसांत 'कॉमनमार्क' झालं. त्याचा तपशील लिहिणारे जॉन मॅकफार्लेन हे बर्कलीला तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. तारा म्हणजे काय, तो कधी उघडतो, कधी मिटतो आणि कधी नुसताच असतो, हे खोलात जाऊन विचारायला तत्त्वज्ञच लागतो. एक शब्द ठळक किंवा तिरपा कधी करायचा, यासाठी त्यात सतरा नियम आहेत. २०२४ मध्ये आलेल्या आवृत्तीचा क्रमांक ०.३१.२. तोवर दहा वर्षं झाली होती, तरी पूर्णांक लागलेला नव्हता.

कॉमनमार्कमध्ये असंही म्हटलंय, की अक्षरांची कुठलीही रांग हा वैध मजकूरच. म्हणजे पार्सरने 'हे चुकलंय' असं कधीच म्हणायचं नाही. समोर येईल त्याचा काही ना काही अर्थ लावायचा. संपादकांना हे ऐकून धक्का बसला. त्यांची सगळी हयात 'साभार परत' या दोन शब्दांवर उभी होती.

मग खरा मजकूर आला.

पहिला मान कवींचा. मार्कडाउनमध्ये नुसती ओळ मोडली तर पार्सर ती पुढच्या ओळीला जोडून टाकतो. त्यामुळे मुक्तछंदातली कविता सलग परिच्छेद होऊन बाहेर आली. ती आता कळत होती, पण हे कवीला सांगायचं कुणी? ओळ खरोखर मोडायची असेल तर तिच्या शेवटी दोन मोकळ्या जागा सोडाव्यात, असा नियम आहे. या जागा दिसत नाहीत. शिवाय बरेच एडिटर ओळीअखेरच्या मोकळ्या जागा स्वच्छतेच्या नावाखाली पुसून टाकतात. भाच्याने कवींना फोन करून नियम सांगितला. कवी म्हणाले, "माझ्या प्रत्येक ओळीनंतर मोकळी जागा असतेच. ती वाचकाला जाणवावी लागते." दुसऱ्या कवींनी ओळी पायऱ्यापायऱ्यांनी आत सरकवल्या होत्या. कोऱ्या ओळीनंतर चार मोकळ्या जागा सोडून येणारा मजकूर मार्कडाउन प्रोग्रामचा कोड समजतं, म्हणून त्यांची अर्धी कविता टाइपरायटरच्या अक्षरांत उतरली. त्यांना ती मांडणी इतकी आवडली, की पुढच्या संग्रहासाठी त्यांनी तीच मागितली.

ज्येष्ठ कथाकारांना कथा संपली की खाली डॅशांची लांब रेघ ओढायची सवय. परिच्छेदाला लागून खाली डॅश आले, की मार्कडाउनच्या लेखी तो परिच्छेद म्हणजे शीर्षक. त्यामुळे नायिकेची आई प्राण सोडते तो अख्खा उतारा मथळ्याच्या अक्षरांत आला. आत्मचरित्राचा अंश पाठवणाऱ्या बाईंनी आरंभ केला होता नुसत्या सालाने: इंग्रजी आकड्यांत १९८६, पुढे टिंब. आकडा, टिंब, मोकळी जागा हे अनुक्रमांकाचं लक्षण. तेव्हा त्यांचं आयुष्य हे एका यादीतलं १९८६वं कलम ठरलं. मुद्रित वाचताना मी आधीची १९८५ कलमं शोधत होतो. उलट ज्यांनी देवनागरीत १, २, ३ घालून खरोखरीची यादी केली होती, त्यांची यादी झालीच नाही. अनुक्रमांक इंग्रजी आकड्यांतच हवा आणि जास्तीत जास्त नऊ अंकी असावा, असं कॉमनमार्क सांगतं. म्हणजे नव्व्याण्णव कोटी कलमांची सोय आहे, देवनागरीतल्या तीन कलमांची नाही.

"काही हरकत नाही मामा," भाचा म्हणाला, "कॉन्फिगरेबल करतो."

हा शब्द उच्चारताना प्रोग्रामरच्या चेहऱ्यावर औदार्य पसरतं. याचा व्यवहारातला अर्थ असा, की मी काहीच ठरवणार नाही. तुमचं तुम्ही ठरवा, त्यासाठी मी बटणं देतो. आपल्या दिवाणखान्यात दाराशेजारी बारा बटणांचा बोर्ड असतो, त्यातला हा प्रकार. एक बटण पंख्याचं, एक ट्यूबचं, एक कशाचंच नाही. पाहुण्याने वारा यावा म्हणून हात घातला की जिन्यातला दिवा लागतो, आणि आतून हाक येते, "शेवटचं दाबू नका हो, फ्रिज बंद होतो!" घर बांधताना प्रत्येक बटणामागे काही तरी विचार असतो. राहायला गेल्यावर फक्त बटणं उरतात.

कवींसाठी एक पर्याय: ओळ मोडली तर मोडू द्यायची का? कथाकारांसाठी दुसरा: डॅशांना शीर्षक मानायचं का? देवनागरी आकड्यांसाठी तिसरा. कंसातली अक्षरं सुधारायची का, हा चौथा. हा शेवटचा एका प्रसिद्ध पार्सरमधून घेतलेला. त्यात टायपोग्राफीची सुविधा चालू केली, की कंसातला इंग्रजी सी कॉपीराइटचं चिन्ह होतो. अंकात गृहनिर्माण सोसायट्यांच्या कायद्यावर एक लेख होता. त्यात पोटकलमं ए, बी आणि मग थेट ©. वकीलसाहेबांचा फोन आला, की कलमावर आपण हक्क सांगितलेला नाही.

एवढ्या पर्यायांमध्ये आधी कोण, हा प्रश्न आलाच. कोडच्या आत तारा आला तर तो ताराच राहायला हवा, म्हणजे कोडची खूण ताऱ्याच्या आधी तपासायला हवी. पायथनमधल्या एका जुन्या मार्कडाउन पार्सरने २०१८ मध्ये यावर उपाय म्हणून प्रत्येक नियमाला अंक दिले: कोडची खूण असलेल्या बॅकटिकला १९०, उलट्या तिरक्या रेघेला १८०, आणि तसंच खाली. मोठा अंक आधी. मध्ये दहादहाचं अंतर, म्हणजे उद्या कुणी आलं तर जागा असावी. भाच्याने हीच रीत उचलली. कवींचा नियम १८५ वर बसवला, कथाकारांचा १८७ वर, वकिलांचा १८६ वर. साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावर खुर्च्या मांडायचा अनुभव असलेल्या संपादकांना हा भाग मात्र लगेच समजला.

आणि मग मराठी आली.

इंग्रजीत ठळक शब्द संपला की जागा सुटते. मराठीत शब्दाला प्रत्यय चिकटून येतो. _पुणे_ला असं लिहिलं, तर कॉमनमार्क पुणे तिरपं करत नाही. शब्दाच्या पोटातला अंडरस्कोर निष्क्रिय समजावा, असा नियम आहे, कारण प्रोग्रामर आपल्या व्हेरिएबलची नावं अंडरस्कोरने जोडतात. नियम त्यांच्या सोयीसाठी झाला, फटका पुण्याला बसला. 'फराळ'ला असं अवतरणासकट ठळक करायला जा. मिटणाऱ्या ताऱ्यांच्या आधी विरामचिन्ह आणि नंतर अक्षर आलं, म्हणून ते तारे मिटतच नाहीत आणि चारही जण जसेच्या तसे छापून येतात. शब्दांमध्ये जागा न सोडणारे चिनी आणि जपानी लेखकही हेच दुःख भोगतात. *घर*ात लिहिलं तर आणखी मजा. काना ताऱ्याच्या गळ्यात पडतो, आणि बिनअक्षराचा काना कसा दाखवायचा म्हणून संगणक त्याला ठिपक्यांचं वर्तुळ काढून देतो.

विकिपीडियाच्या सॉफ्टवेअरने हा प्रश्न फार शहाणपणाने सोडवला आहे. तिथे [[पुणे]]कर असं लिहिलं, की दुव्याला चिकटलेली अक्षरंही दुव्यात घेता येतात, आणि कुठल्या लिपीतली अक्षरं घ्यायची हे प्रत्येक भाषेसाठी वेगळं ठरवून ठेवता येतं. हे बटण मला मान्य आहे. भाषा खरोखरच वेगळ्या आहेत, तिथे पर्याय हवाच. पण ठळकासाठी एक तारा की दोन, याबाबत जगात काही नैसर्गिक भेद नाही. तिथे पर्याय निघतो तो ठरवणाऱ्याला वाईटपणा घ्यायचा नसतो म्हणून.

या आजाराचा इतिहास मोठा आहे. १९८६ मध्ये एसजीएमएल हे मार्कअपचं आंतरराष्ट्रीय मानक झालं. आज वेबपानांमध्ये जे कोनी कंस दिसतात, ते त्याच घराण्यातले. पण एसजीएमएलमध्ये ते कंस केवळ एक सूचना होती. तुम्हाला दुसरी चिन्हं आवडत असतील, तर तसं आधी घोषित करा आणि खुशाल वापरा. खुणा कोणत्या, कुठल्या गाळल्या तरी चालतील, किती लांब नावं ठेवता येतील, सगळं बदलता येत असे. इतकं स्वातंत्र्य होतं, की ब्राउझर बनवणाऱ्यांनी त्याचा पूर्ण पार्सर लिहिण्याच्या फंदात न पडता आपापलं काम आटोपलं.

त्याआधी डोनाल्ड क्नूथ यांनी टेक् ही मुद्रणजुळणीची प्रणाली केली, १९७८ च्या सुमारास. तिच्यात प्रत्येक अक्षराला शून्य ते पंधरापैकी एक वर्ग असतो आणि हा वर्ग मजकुराच्या मध्यावरही बदलता येतो. पहिल्या पानावर जे महिरपी कंस होते, ते तिसऱ्या पानावर नुसती नक्षी असू शकतात. कुठल्याही अक्षराचा अर्थ हवा असेल, तर आधीचं सगळं चालवून पाहण्यावाचून गत्यंतर नाही. डेव्हिड कार्लाइल यांनी या सवलतीचा लाभ घेऊन एक छोटी फाइल लिहिली आहे. ती डोळ्यांना कीबोर्डवरून मांजर चालून गेल्याचा पुरावा वाटते, आणि छापली की तिच्यातून नाताळचं अख्खं पारंपरिक गाणं बाहेर येतं. क्नूथ यांच्यासारख्या माणसाने पर्याय दिले, तर जगाला सुंदर गणिताची पुस्तकं मिळतात. इतरांनी दिले, तर दिवाळी अंकाला उशीर होतो.

नवरात्र आलं तेव्हा भाच्याचे पर्याय विसाच्या घरात गेले होते. ते ठेवायला त्याने वेगळी फाइल केली, यामल नावाच्या पद्धतीत. पर्यायांची फाइल वाचायलाही पार्सर लागतो, आणि त्याचेही स्वतःचे विचार असतात. यामलच्या जुन्या नियमांत इंग्रजी 'नो' म्हणजे नकार समजला जातो, त्यामुळे देशांच्या यादीत नॉर्वेचं दोन अक्षरी संक्षिप्त नाव लिहिलं, की अख्खा नॉर्वे 'असत्य' ठरतो. हा किस्सा प्रोग्रामर जगात इतका प्रसिद्ध आहे, की नॉर्वेची माहिती काहींना तेवढीच आहे.

शिवाय चालू-बंद अशी वीस बटणं म्हणजे दोनाचा विसावा घात: १०,४८,५७६ वेगवेगळ्या मार्कअप भाषा. त्यातल्या प्रत्येकीत कविता कशी दिसेल, हे तपासायचं कुणी? महाराष्ट्रात एवढे लेखकही नाहीत. निदान दिवाळी सोडून एरवी तरी.

संपादकांनी अखेर भाच्याला बसवून घेतलं. "मला एक सांग, ठळक कसं करायचं?"

"तुम्ही म्हणाल तसं, मामा. एक तारा, दोन तारे, कंस, काहीही. पूर्ण स्वातंत्र्य आहे."

"मला स्वातंत्र्य नकोय रे, मला अंक हवाय."

त्या रात्री मामांनी सगळ्या लेखकांना एकच निरोप धाडला: ठळकासाठी एक तारा, तिरप्यासाठी एक अंडरस्कोर, खूण प्रत्ययासकट पूर्ण शब्दाला घालावी, कवितेची ओळ जिथे मोडली तिथे मोडेल, बाकी काही करू नये. दोन कवी रुसले आणि एका विचारवंताने निषेधाचं पत्र पाठवलं, तेही ठळकात. भाच्याने बटणं काढली, अंक काढले, यामल काढलं. उरला तो पार्सर छोटा होता आणि चालत होता. अंक वसुबारसेला बाहेर पडला.

मामांना माहीत नव्हतं, पण मोठमोठे लोक याच वाटेने परत आले आहेत. एसजीएमएलनंतर बारा वर्षांनी, १९९८ मध्ये, त्याचाच साधा वारस म्हणून एक्सएमएल आलं. त्याच्या दस्तऐवजात दहा उद्दिष्टं दिली आहेत. पाचवं असं, की ऐच्छिक गोष्टी कमीत कमी असाव्यात, शक्यतो शून्य. आणि ते सतरा नियम लिहिणारे मॅकफार्लेन? त्यांनी २००६ मध्ये केलेला पॅनडॉक हा प्रोग्राम मार्कडाउनच्या अनेक पोटजाती वाचतो; त्यातली प्रत्येक सवलत अधिकचं चिन्ह लावून चालू आणि वजाचं लावून बंद करता येते. एवढं सगळं केल्यावर २०२२ मध्ये त्यांनी 'जॉट' ही नवी, सुटसुटीत मार्कअप भाषा मांडली. तिच्यात एका ताऱ्याने ठळक होतं आणि अंडरस्कोरने तिरपं. म्हणजे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक एवढ्या प्रवासानंतर जिथे पोचले, तिथे आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवरच्या आत्याबाई रोज सकाळी सहा वाजता असतात.

म्हणून पार्सर लिहायला बसणाऱ्या तमाम भाच्यांना विनंती आहे: ठळक कशाने करायचं, ते आधी ठरवा आणि वाईटपणा घ्या. एका ताऱ्याने केलंत तरी चालेल, दोन ताऱ्यांनी केलंत तरी लोक आठवड्याभरात शिकतील. जो काय घोळ होतो तो 'दोन्ही चालतील' असं म्हटल्यावर.